एअरींचं दप्तर: नेपच्यून टपालात अडकला का?

निशाचर (धागालेखक)

जॉर्ज बिडेल एअरी १८३५ ते १८८१ अशी ४६ वर्षं ग्रिनिच वेधशाळेचे प्रमुख होते. पदाचं नाव 'ॲस्ट्रॉनॉमर रॉयल'. (राजज्योतिषी म्हणायला हात शिवशिवतात, पण मग ते व्हिक्टोरिया राणीची पत्रिका मांडायचे असं वाटेल.) गडी कागदाचा महालोभी. आलेली पत्रं, पाठवलेल्या पत्रांच्या नकला, दुकानदारांची बिलं, चेकची काउंटरफॉइलं, काही म्हणून टाकलं नाही. वेधशाळेचं ते दप्तर आज केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.

माझं म्हणणं असं की या दप्तरानेच त्यांच्यातला शास्त्रज्ञ खाल्ला. १८४५ घ्या. युरेनस ग्रह गणिताने सांगितलेल्या जागी दिसेना. केंब्रिजचा जॉन कूच ॲडम्स हा २६ वर्षांचा तरुण २१ ऑक्टोबरला ग्रिनिचला आला. पलीकडे आणखी एक ग्रह आहे, तो अमुक ठिकाणी असावा, असा कागद त्याच्याकडे होता. भेट झाली नाही, म्हणून कागद ठेवून परत गेला. एअरींनी काय केलं? ५ नोव्हेंबरला पत्र लिहून एक शंका विचारली आणि उत्तराची वाट पाहत बसले. उत्तर आलं नाही, विषय संपला. पुढे २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनमध्ये गाल्ले यांनी दुर्बीण लावली ती ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञाच्या पत्रावरून, आणि त्याच रात्री ग्रह सापडला. एवढं घडेपर्यंत ग्रिनिचची फाइल मात्र व्यवस्थित लागलेली होती!

लंबक

असहमत. ती शंका टाइमपास नव्हती. युरेनस आकाशात नुसता मागेपुढे दिसत नव्हता, सूर्यापासूनचं त्याचं अंतरही चुकत होतं, आणि ती चूक एअरींनी स्वतःच्या वेधांतून काढली होती. तुझ्या नव्या ग्रहाने हीही चूक सुटते का, एवढंच त्यांनी विचारलं. ॲडम्सच्या कागदावर उत्तर होतं, रीत नव्हती. आपल्याकडे दहावीच्या पेपरातसुद्धा पायऱ्या न दाखवता उत्तर लिहिलं तर मार्क कापतात. हीच शंका एअरींनी २६ जून १८४६ ला ल व्हेरिएंना विचारली. त्यांनी दोन दिवसांत उत्तर लिहिलं. मग दोष विचारणाऱ्याचा की गप्प बसणाऱ्याचा?

शिवाय नवे ग्रह शोधणं हे ग्रिनिचचं काम नव्हतंच. जहाजांसाठी ताऱ्यांची स्थानं, अचूक वेळ, क्रोनोमीटर (जहाजांवरची अचूक घड्याळं) तपासणं, यासाठी सरकार पगार देत होतं. त्यात रेल्वेच्या रुळांमधलं अंतर किती असावं हे ठरवायला १८४५ मध्ये आयोग नेमला गेला, त्यातही हेच. लोखंडी जहाजांवर होकायंत्र भरकटतं, त्यावर उपायही यांनीच शोधलेला.

निशाचर

अंतराचा मुद्दा मान्य. पण त्याच २६ जूनच्या पत्राबद्दल बोला ना. ल व्हेरिएंचं आणि ॲडम्सचं गणित जवळपास एकाच जागी बोट ठेवतंय हे एअरींना तेव्हा कळलेलं होतं. तरी त्या पत्रात ॲडम्सचा उल्लेखसुद्धा नाही. ९ जुलैला मात्र घाईघाईने केंब्रिज वेधशाळेच्या चॅलिस यांना लिहिलं, की तुमच्या मोठ्या दुर्बिणीने शोध घ्या. चॅलिसनी ऑगस्टमध्ये दोनदा ग्रह टिपलासुद्धा, पण नोंदी ताडून पाहिल्याच नाहीत. सगळा कारभारच तसा.

कारकून नं १

वडील सरकारी खात्यात आवक-जावक सांभाळायचे, त्यामुळे मी इथे तटस्थ नाही, आधीच सांगतो.

निशाचर, तुमच्या पोस्टमधल्या तारखा आल्या कुठून? २१ ऑक्टोबर, ५ नोव्हेंबर, २६ जून, ९ जुलै. ज्या दप्तराला तुम्ही शिव्या घालताय त्यातूनच ना? शोधाचं श्रेय कुणाचं यावरून फ्रेंच आणि इंग्रज भांडायला लागले तेव्हा १३ नोव्हेंबर १८४६ ला एअरींनी रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत ही पत्रं स्वतः वाचून दाखवली, आपल्या अंगाशी येणारीसुद्धा. ज्याला लपवायचं असतं तो कागद जपत नाही हो.

आणि कागद जपणारा नसला की काय होतं तेही ऐका. नेपच्यूनची ही फाइल १९६० च्या दशकात ग्रिनिचच्या दप्तरातून गायब झाली. संशय ऑलिन एगेन या खगोलशास्त्रज्ञावर. ते पूर्वी त्या वेधशाळेत वरच्या पदावर होते. विचारलं की नाही म्हणायचे. १९९८ मध्ये ते वारले आणि फाइल चिलीत त्यांच्याच सामानात निघाली! तीसेक वर्षं इतिहासकार मूळ कागद न बघता भांडत होते. एअरींच्या हयातीत एक चिठ्ठी इकडची तिकडे झाली नसती.

खोडरबर

नेपच्यून राहू द्या हो, त्यात कुणी मेलं नाही. हे गृहस्थ ज्याला त्याला सल्ल्याची पत्रं लिहायचे, त्याचं काय? १८४२ मध्ये सरकारने विचारलं, बॅबेजच्या गणितयंत्राचं काय करू? तोवर १७,००० पौंडांच्या आसपास खर्च झालेला. एअरी म्हणाले, निरुपयोगी आहे. झालं, यंत्र बंद. १८७३ मध्ये थॉमस बाउच या इंजिनिअरने वाऱ्याचा दाब विचारला. यांनी कळवलं, पुलाच्या सबंध लांबीवर चौरस फुटाला १० पौंड धरा. २८ डिसेंबर १८७९ च्या वादळात बाउचचा स्कॉटलंडमधल्या टे नदीवरचा पूल आख्ख्या आगगाडीसकट पाण्यात गेला. खुर्चीवर बसलं की सगळ्यातलं सगळं कळतं, असं समजणारी ही जात.

लंबक

खोडरबर, तारखा बघा. ते पत्र फोर्थ खाडीवरच्या नियोजित पुलासाठी होतं. टेच्या पुलाचं काम १८७१ लाच सुरू झालेलं. चौकशीत बाउचने स्वतः सांगितलं की टेच्या पुलासाठी वाऱ्याचा वेगळा हिशेब धरलाच नव्हता. ओतकाम निकृष्ट, देखरेख ढिसाळ, हेही चौकशीत निघालं.

१० पौंड हा आकडा कमी होता हे खरंच. पुढे फोर्थचा पूल ५६ पौंड धरून बांधला. बॅबेजबद्दल मी तुमच्या बाजूने. तिथे एअरींची नजर तोकडी पडली.

खोडरबर

बरं, ते पत्र फोर्थचं हे मान्य. पण खगोलशास्त्रज्ञाने 'हा माझा विषय नाही' असं एका ओळीत कळवलं असतं तर टपालखर्चही तेवढाच आला असता.

कारकून नं १

सरकारी खुर्चीत ती ओळ लिहून बघा एकदा. वडील सांगायचे, 'आमच्या कक्षेत येत नाही' असं लिहिलं की तोच माणूस आठ दिवसांत साहेबाच्या साहेबाचं पत्र घेऊन यायचा.

जाता जाता: ॲडम्सच्या उत्तराचा कच्चा मसुदा बऱ्याच वर्षांनी त्याच्या घरच्या कागदांत मिळाला. १३ नोव्हेंबर १८४५ चा, अर्धवट. लिहायला घेतलं होतं बिचाऱ्याने.

निशाचर

हे माहीत नव्हतं, धन्यवाद. ॲडम्सवरचा माझा राग वाढला, एअरींवरचा थोडा उतरला. पण २६ जूनचं कुणीच बोलत नाहीये.

लंबक

बोलतो. ॲडम्सने ते गणित छापलं नव्हतं. खासगीत दिलेला कागद परदेशी स्पर्धकाला कळवणं त्यांना गैर वाटलं असेल.

निशाचर

मग निदान ॲडम्सला तरी दोन ओळी टाकायच्या, की बाबा रे, पॅरिसमध्ये एकजण तुझ्याच जागी पोचलाय, तू छाप. चॅलिसना लिहायला वेळ होता ना?

लंबक

यावर माझ्याकडे उत्तर नाही.