परदेशात माउंटन बायकिंगला जाताना ट्रॅव्हल इन्शुरन्स कोणता घ्यावा? (सल्ला हवाय)

डोंगरचाक:
मंडळी, आम्ही चौघं येत्या सीझनला आल्प्समध्ये बायकिंगला जायचं म्हणतोय. आधी फ्रान्समध्ये मोर्झिन आणि ले जे, मग ट्रेलवरूनच सीमा ओलांडून स्वित्झर्लंड (पोर्त द्यु सोलेय म्हणतात त्या पट्ट्याला, लिफ्टचा पास दोन्हीकडे एकच चालतो), आणि दिवस उरलेच तर इटलीत फिनाले लिगुरे. दोघं स्वतःची बाइक नेणार, दोघं तिथेच भाड्याने घेणार, त्यातल्या एकाला ई-बाइक हवीये. इन्शुरन्सचं बघायला बसलो तर जो तो 'अॅडव्हेंचर स्पोर्ट्स कव्हर्ड' लिहून मोकळा. एक जण म्हणतो व्हिसासाठी 30,000 युरोचा घ्यावाच लागतो, तोच पुरे, वर कशाला खर्च. खरंय का हे? सरळ कंपनीचं नाव सांगितलंत तरी चालेल, तुलना करून करून डोकं आउट झालंय.

गिअरवाली:
नाव सांगून उपयोग नाही हो, एकाच कंपनीच्या दोन प्लॅनमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. पॉलिसी वर्डिंगची पीडीएफ उघडा (ब्रोशर नाही, वर्डिंग) आणि त्यात बायकिंग, सायकलिंग, डाउनहिल, बाइक पार्क, रेसिंग एवढे शब्द सर्च करा. घोडं पेंड खातं ते इथेच. बऱ्याच ठिकाणी 'माउंटन बायकिंग' कव्हर्ड असतं आणि दोन पानांनंतर 'डाउनहिल वगळून' किंवा 'मार्क केलेल्या ट्रेलवरच' असं असतं. तुम्ही लिफ्टने वर जाऊन खाली येणार म्हणजे कंपनीच्या भाषेत ते डाउनहिलच, तुम्ही त्याला मजेत फिरणं म्हणा नाहीतर काही. जंप, फ्रीराइड यांची ओळ वेगळी असते. स्पर्धा तर बहुतेक ठिकाणी बाहेरच, त्यामुळे तिथे गेल्यावर हौसेने एखाद्या एन्ड्युरो इव्हेंटला नाव द्यायचं असेल तर तेही आधीच विचारा.

मग कंपनीला मेल टाका, पण 'माउंटन बायकिंग चालतं का' एवढंच विचारलंत तर उत्तर हो असंच येणार. असं लिहा: लिफ्टने वर जाऊन बाइक पार्कच्या मार्क केलेल्या ट्रेलवर उतरणार, निळ्या आणि लाल ग्रेडच्या, गाइड नसेल, हेल्मेट असेल, अपघात झाला तर उपचार, रेस्क्यू आणि परत आणणं हे तिन्ही कव्हर्ड आहे का, कोणत्या कलमाखाली. उत्तर लेखी हवं. फोनवरचा माणूस गोड बोलतो पण क्लेमच्या वेळी तो नसतो.

उतारवेडा:
गिअरवालीताईंना +1

30,000 युरो ही शेंगेन व्हिसाची किमान अट आहे, त्यात तातडीचे उपचार, हॉस्पिटल आणि मायदेशी परत पाठवणं येतं. पण त्या पॉलिसीत साहसी खेळ वगळलेले असले तरी व्हिसाला काही अडत नाही. म्हणजे स्टिकर मिळेल आणि ट्रेलवर तुम्ही विनाइन्शुरन्स. रक्कम पण मला कमीच वाटते. सगळ्यात कॉमन मोडतं ते कॉलरबोन, ते त्यात भागेल, पण मांडी नाहीतर मणका म्हटलं की सर्जरी, आयसीयू, नंतर विमानात पाय सरळ ठेवायला जादा सीट, सोबत नर्स, मीटर पळतच असतो.

आता रेस्क्यू. हे मेडिकलमध्ये धरलेलंच असेल असं समजू नका, 'सर्च अँड रेस्क्यू'ची ओळ आणि लिमिट वेगळं बघा. फ्रान्समध्ये डोंगरातली सरकारी रेस्क्यू पथकं सहसा पैसे घेत नाहीत, त्यामुळे 'तिकडे सगळं फुकट' असं लोक ठोकून देतात. पण 1985 च्या कायद्याने तिथल्या कम्यूनना (गावपातळीच्या स्थानिक संस्थांना) स्कीइंगच्या रेस्क्यूचा खर्च वसूल करायची मुभा मिळाली आणि 2002 मध्ये ती बाकीच्या खेळांनाही लागू झाली, त्यामुळे रिसॉर्टच्या हद्दीत बिल येऊ शकतं. स्वित्झर्लंडमध्ये तर हेलिकॉप्टरचं बिल पेशंटच्या नावानेच.

तिथे रेगाची (स्विस हवाई रेस्क्यू संस्था) मेंबरशिप घ्या असं कोणीतरी सांगेलच. चांगली संस्था आहे, पण एकतर तो इन्शुरन्स नाही, आणि दुसरं म्हणजे पोर्त द्यु सोलेयची स्विस बाजू, शांपेरी वगैरे, येते व्हॅले कॅन्टनमध्ये (कॅन्टन म्हणजे तिथलं राज्य), तिथे हेलिकॉप्टर येतं ते मुख्यतः एअर-ग्लेशियर्सचं. त्यामुळे रेगावर विसंबून पॉलिसीतलं रेस्क्यू कव्हर सोडू नका.

डोंगरचाक:
बाप रे, बरं झालं विचारलं. क्रेडिट कार्डवर फुकट ट्रॅव्हल इन्शुरन्स आहे त्याचं काय? आणि बाइकचं?

शंकासुर:
कार्डवाल्यात बहुतेक वेळा साहसी खेळ नसतातच, वर तिकीट त्याच कार्डाने काढलेलं हवं वगैरे. बॅग हरवली तर असू दे, त्यापलीकडे भरवसा नको.

बाइकचं मात्र नीट समजून घ्या कारण इथे लोक जाम फसतात. बॅगेजचं एकूण लिमिट मोठं दिसतं, पण खाली 'सिंगल आर्टिकल लिमिट' असतं आणि ते एका चांगल्या चाकाच्या जोडीलाही पुरत नाही. त्यातही 'वापरात असताना' झालेलं नुकसान धरत नाहीत, म्हणजे ट्रेलवर फ्रेम तडकली तर तुमची तुम्ही बघा. शिवाय घसारा. महाग बाइक असेल तर वेगळा बाइक इन्शुरन्स घ्या, त्यात परदेश आहे का, किती दिवस, हे बघून.

विमानात मोडली तर आधी एअरलाइनकडे. बॉक्स बेल्टवरून उचलला की तिथेच उघडायचा, डिरेलर हँगर, रोटर, फ्रेमचा खालचा भाग बघायचा, फोटो काढायचे आणि काउंटरवर पीआयआर (सामानाच्या नुकसानीच्या नोंदीचा फॉर्म) भरल्याशिवाय एअरपोर्टच्या बाहेर पडायचं नाही, कितीही दमलेले असलात आणि बाहेर टॅक्सीवाला कितीही ओरडत असला तरी. माँट्रियल कराराप्रमाणे नुकसानीची लेखी तक्रार 7 दिवसांत द्यावी लागते. भरपाईला वरची मर्यादा आहे, 2024 च्या डिसेंबरअखेरपासून प्रवाशामागे 1,519 एसडीआर (आयएमएफचं हिशेबाचं एकक), आणि त्यात बाइकसकट सगळं सामान आलं.

भाड्याची बाइक मोडली तर ट्रॅव्हल पॉलिसी सहसा हात वर करते, दुकानवाला डॅमेज वेव्हर (जादा पैसे भरून नुकसानभरपाईतून सूट) देतो तो घ्या. त्यात टायर-रिम आणि चोरी धरलेत का ते विचारून.

निवांत_पॅडल:
पर्सनल लायबिलिटी कोणीच बोललं नाही अजून. या ट्रेलवर चालणारे लोक पण असतात, एखाद्याला धडकलात तर त्याचा खर्च तुमच्यावर. काही पॉलिसीत लायबिलिटी असते पण 'वाहन चालवताना' वगळून, आणि मग सायकल वाहन आहे का हा वाद. ई-बाइकवाल्याने तर आवर्जून विचारावं. युरोपियन युनियनमध्ये 250 वॉट आणि ताशी 25 किमीला असिस्ट (मोटरची मदत) बंद होणारी असेल तरच ती सायकल, त्याहून वेगवान असेल तर मोपेडमध्ये जाते आणि तिथे पॉलिसी हमखास अंग काढून घेते. (आणि स्वतःची ई-बाइक न्यायचा विचार असेल तर सोडा, 160 वॉट-अवरच्या वरची बॅटरी पॅसेंजर विमानात चढूच देत नाहीत.)

गिअरवाली:
अजून थोडं. जुनं फ्रॅक्चर, आत प्लेट, दमा, काही असेल तर फॉर्ममध्ये लिहाच, प्रीमियम वाढला तर वाढू दे. बुकिंग केलं की लगेच पॉलिसी घ्या, निघायच्या आदल्या दिवशी नको, नाहीतर त्याआधी कोणी पडलं तर कॅन्सलेशन मिळायचं नाही. डिडक्टिबल (आपल्या खिशातून भरायचा वाटा) प्रत्येक क्लेमला आहे की प्रत्येक सेक्शनला ते बघा. दुपारी लिफ्टखाली बिअर घेऊन परत ट्रेलवर जाणाऱ्यांनी दारूचं कलम पण वाचावं 😀

अपघात झाला तर आधी 112, मग पेशंट स्थिर झाला की अॅडमिशनच्या आधीच किंवा जमेल तितक्या लवकर कंपनीच्या असिस्टन्स नंबरवर फोन. आमच्या ग्रुपमधल्या एकाचा खांदा गेला तेव्हा पलीकडून पहिला प्रश्न आला पॉलिसी नंबर आणि दुसरा 'नेमकं काय करत होता', आणि उत्तर ते शब्द न् शब्द टाइप करत होते. तोच नंबर दोन सोबत्यांच्या फोनमध्ये पण ठेवा, पडणाऱ्याचा फोन बहुधा त्याच्याबरोबरच फुटतो. विमानाने परत कधी आणि कसं आणायचं हे त्यांचा डॉक्टर ठरवतो, आपणच तिकीट काढून निघालं तर पैसे अडकतात.

डोंगरचाक:
अपडेट. तीन कंपन्यांना गिअरवालीताईंच्या शब्दांत मेल टाकला. एकीने ब्रोशरच परत पाठवलं, ती बाद. दुसरी म्हणते बाइक पार्क चालेल पण रेस्क्यू नाही. तिसरीने कलम नंबर देऊन लिहिलंय की लिफ्टवरून उतरणं अॅड-ऑनमध्ये येतं, रेस्क्यूचं लिमिट वेगळं, लायबिलिटी सायकलला लागू पण ई-बाइकला नाही. प्रीमियम जास्त आहे. तीच घेतोय बहुतेक. ई-बाइकवाल्याला साधी बाइक घे म्हटलं तर तोंड पाडून बसलाय, त्याच्यासाठी लायबिलिटी वेगळी मिळते का कुठे?

निवांत_पॅडल:
मिळते. घरच्या पॉलिसीत पर्सनल लायबिलिटी जोडलेली असते कधीकधी, ती परदेशात चालते का आणि ई-बाइकला धरते का ते विचारायला सांगा. नाहीतर सायकलिंग क्लबची मेंबरशिप, काही क्लब लायबिलिटी देतात. ट्रिपच्या तारखा टाकूनच विचारा.