शब्दचर्चा: बेरा नोंदीतला नॉइज, इंटरफिअरन्स आणि आर्टिफॅक्ट

भाषांतरकार: बेरा तपासणीच्या (कानात क्लिकचे आवाज देऊन श्रवणमार्गाचा विद्युत प्रतिसाद डोक्यावरच्या इलेक्ट्रोडांनी नोंदवणे) मार्गदर्शिकेत हे तीनही शब्द वारंवार येतात. कच्च्या मसुद्यात तिन्हींना 'गोंगाट' म्हटले आहे. चालेल का?

श्रवणतज्ज्ञ: नाही चालणार. प्रतिसादातली मुख्य, म्हणजे पाचवी लहर बहुधा अर्ध्या मायक्रोव्होल्टच्याही आत असते आणि तिला झाकणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात. आधी कुठे हात घालायचा हे तंत्रज्ञ शब्द वाचूनच ठरवणार.

नॉइजला 'गोंगाट' ठीक आहे. मानेचे नि जबड्याचे स्नायू, मेंदूची चालू विद्युत हालचाल, हे सगळे त्यात आले. तो बेताल असल्यामुळे अनेक स्वीपच्या (एकेका क्लिकनंतरच्या नोंदीच्या) सरासरीत विरतो. स्वीप चौपट केले की निम्मा होतो. उपाय रुग्णापाशीच असतो: मानेखाली उशी, जबडा सैल, आणि बाळ असेल तर गाढ झोप. इंटरफिअरन्स म्हणजे बाहेरून घुसलेली वीज. तिला 'व्यत्यय' म्हणा.

उपकरण अभियंता: सहमत. फक्त व्यत्यय तालात असतो हे तिथेच लिहा. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर सेकंदाला १० क्लिक दिले, तर दोन क्लिकांमध्ये विजेची बरोबर पाच आवर्तने बसतात. प्रत्येक स्वीपमध्ये गुणगुण त्याच जागी येते आणि कितीही सरासरी काढली तरी जात नाही. २५ ला हेच. २० ला ५० हर्ट्झ एकाआड एक उलटून रद्द होतो, पण १०० हर्ट्झचा हार्मोनिक (दुप्पट वारंवारितेचा घटक) अडकून बसतो. म्हणून २१.१ किंवा २७.७ असे आडनिडे दर ठेवतात.

उगम शोधताना आधी प्रीअॅम्प्लिफायरपाशी (इलेक्ट्रोडच्या वायरी जिथे जोडतात तिथे) सगळे इनपुट एकमेकांना जोडा. रेषा सपाट झाली तर यंत्र ठीक आहे; दोष वायर, त्वचा किंवा खोलीत आहे. मग विजेचा पलंग, दिव्याचा डिमर, चार्जर एकेक करून बाजूला करा. नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. तारेत दाब असला की प्रवाह नसतानाही विद्युतक्षेत्र राहते. इलेक्ट्रोडच्या वायरी वेणीसारख्या गुंफा आणि इअरफोनच्या केबलपासून दूर ठेवा.

इम्पीडन्स (इलेक्ट्रोड आणि त्वचेमधला विद्युत अडथळा) ५ किलोओहमच्या आत हवा हे सगळे लिहितात. त्याहून महत्त्वाचा आहे इलेक्ट्रोडांमधला फरक, तो २ च्या आत हवा. एक २ वर आणि दुसरा १२ वर असेल, तर दोन्हींवर सारखीच पडलेली गुणगुण असमान होऊन आत शिरते आणि दोन इलेक्ट्रोडांमधला फरकच वाढवणारा डिफरन्शियल अॅम्प्लिफायर ती वजा करू शकत नाही. अशा वेळी ५० हर्ट्झ गाळणारा नॉच फिल्टर लावू नका, लहरीचा आकारच बिघडतो. त्वचा पुन्हा घासा, जेल बदला.

भाषांतरकार: 'ग्राउंड इलेक्ट्रोड'ला 'भूसंपर्क इलेक्ट्रोड' केले आहे.

उपकरण अभियंता: ते कृपया बदला, हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. कपाळावरचा तो इलेक्ट्रोड अॅम्प्लिफायरच्या, वीजपुरवठ्यापासून विलग केलेल्या बाजूचा संदर्भबिंदू असतो. त्याला 'भूसंपर्क' म्हटले, तर कुणी तो भिंतीतल्या अर्थिंगला जोडेल आणि रुग्णाचे विलगीकरण तिथेच संपेल. 'सामाईक इलेक्ट्रोड' लिहा. अर्थिंग हा शब्द फक्त यंत्राच्या प्लगसाठी ठेवा. संगणक आणि बेरा यंत्र वेगवेगळ्या सॉकेटवर असतील तर अर्थ-लूप (अर्थिंगच्या तारांमधून फिरणारा प्रवाह) तयार होऊ शकतो. दोन्ही एकाच बोर्डावर घ्या.

श्रवणतज्ज्ञ: आर्टिफॅक्टचे (नोंदीत उमटलेल्या खोट्या खुणेचे) 'कलाकृती' तर नकोच, आहे तसाच ठेवा. मात्र उद्दीपनाशी बांधलेल्या स्टिम्युलस आर्टिफॅक्टला 'आभासी लहर' शोभेल, कारण सरासरीत ती खऱ्या लहरीसारखीच टिकते. ती पहिल्या मिलिसेकंदात दिसते. कानात बसणाऱ्या इन्सर्ट इअरफोनची नळी आवाजाला सुमारे ०.९ मिलिसेकंद उशिरा पोचवते, त्यामुळे ती प्रतिसादापासून वेगळी पडते. नळी चिमटून बंद केल्यावरही लहर तशीच राहिली तर ती विजेची. क्लिकची ध्रुवता (दाबाची दिशा) आलटून-पालटून दिली की ती बरीचशी रद्द होते, पण त्याबरोबर कॉक्लिअर मायक्रोफोनिकही (आतल्या कानातल्या केसपेशींचा विद्युत प्रतिसाद) पुसला जातो. ऑडिटरी न्यूरोपथीचा (आतला कान आवाज टिपतो, पण नसेतले संदेश विस्कळीत होतात) संशय असेल तर दोन्ही ध्रुवतांच्या नोंदी वेगवेगळ्या घ्या.

आणखी एक: १२ ते १५ मिलिसेकंदांच्या आसपास उमटणारा कानामागच्या स्नायूचा प्रतिसाद आभासी नाही, खरा आहे. त्याला 'स्नायू-प्रतिसाद' म्हणा.

भाषांतरकार: अहवालाच्या नमुन्यात 'प्रतिसाद नाही' आहे. व्यत्यय असताना तेच लिहायचे?

श्रवणतज्ज्ञ: मुळीच नाही. 'प्रतिसाद नाही' हे शब्द सरासरीनंतर उरलेला गोंगाट पुरेसा खाली आलेला असेल तेव्हाच. नसेल तर 'व्यत्ययामुळे निष्कर्ष काढता आला नाही. तपासणी पुन्हा करावी' असे लिहा.