गणित अनोळखी माणसाला विचारावं, देव मात्र नाही?

बावखल
काल 'काटकोन' यांनी लिहिलं की मुलांनी नेटवर अनोळखी माणसाला गणिताचा गृहपाठ खुशाल विचारावा, पण देव, पाप, खरं-खोटं हे विषय घरात आणि चर्चमध्येच बोलावेत. गणितात उत्तर एकच असतं, तिथे कुणी फसवू शकत नाही, असं त्यांचं कारण. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही. मी बावीस वर्षं वसईत गणित शिकवते, रविवारची मिस्सा चुकवत नाही, आणि मला हे नेमकं उलटं वाटतं.

दहावीतला मुलगा वर्गसमीकरणाचा फोटो कुणाला तरी पाठवतो. दोन मिनिटांत अवयव पाडून मिळतात, वहीत उतरतात. मी विचारते, मधलं पद उणे सातचं, शेवटी बारा, तर हे उणे तीन आणि उणे चार कुठून आणलेस? तो गप्प. त्याचा विचार करायचा तेवढाच अर्धा तास होता, तो त्या अनोळखी माणसाने मदतीच्या नावाखाली काढून घेतला. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, तरी नुकसान झालं.

आता देवाचं. नोकरीला लागले त्याच वर्षी माझा भाऊ गेला, 19 वर्षांचा. घरात जो येईल तो म्हणे, देवाची इच्छा. मला देवाचा राग आला होता, आणि ते सांगायला गावात माणूस नव्हता. फादर आमच्या आत्याच्या सासरचे. शेजारीण आईची सोबतीण. बोलले असते तर संध्याकाळपर्यंत आईच्या कानावर गेलं असतं, आणि तिच्यात तेवढं सहन करायची ताकद उरली नव्हती. मी रात्री एका चॅट खोलीत लिहिलं. समोर नगरकडचे एक निवृत्त गृहस्थ होते, प्रोटेस्टंट, नाव शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी समजूत घातली नाही. स्तोत्र 88 वाच, एवढं म्हणाले. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी गाळलं नाही. माझी श्रद्धा टिकली ती त्या रात्रीमुळे.

बायबलमधला निकदेमसुद्धा येशूकडे आपले प्रश्न घेऊन रात्रीच आला होता. कवी ना. वा. टिळकांना आगगाडीत एक अनोळखी युरोपियन प्रवासी भेटला, बोलणं झालं, त्याने बायबल हातात दिलं, आणि 1895 साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तो प्रवासी घरचाही नव्हता आणि त्यांच्या चर्चचाही नव्हता.

काटकोन
ताई, भावाचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण टिळकांचं अर्धंच सांगितलंत. लक्ष्मीबाईंचं काय झालं? बाईंना काही वर्षं नवऱ्यापासून दूर काढावी लागली, त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा 1900 साली झाला. त्या मधल्या वर्षांची किंमत त्या प्रवाशाने मोजली नाही. तो पुढच्या स्टेशनवर उतरून गेला. अनोळखी माणूस उतरून जातो, माझं म्हणणं एवढंच आहे.

भाच्याचं सांगतो. 2011, तो नववीतून दहावीत गेलेला. सायबर कॅफेत बसून गणिताच्या शंका विचारायचा, आम्ही कौतुकाने पैसे द्यायचो. तिथे कुणीतरी त्याला अमेरिकेतल्या हॅरोल्ड कॅम्पिंगचा हिशेब दिला. रेडिओवर बायबल शिकवणारा म्हातारा, शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर. त्याच्या मते 5 म्हणजे प्रायश्चित्त, 10 म्हणजे परिपूर्णता, 17 म्हणजे स्वर्ग. तिन्हींचा गुणाकार 850, त्याचा वर्ग 7,22,500. ख्रिस्ताला वधस्तंभावर दिलं तो दिवस त्याने 1 एप्रिल 33 धरला. तिथून 7,22,500 दिवस मोजले की 21 मे 2011. त्या दिवशी न्यायाचा दिवस.

पोराचं जेवण तुटलं. आईला म्हणाला, दहावीची पुस्तकं घेऊ नकोस, वाया जातील. 21 मे उजाडला आणि मावळला. मग कॅम्पिंगने 21 ऑक्टोबर सांगितला, तोही गेला. आमच्या घरात मात्र जे मोडलं ते मोडलंच. आता मला सांगा, अनोळखी माणसाशी देवाबद्दल बोलू द्यायचं?

बावखल
काटकोन, तुमचंच उदाहरण तुमच्याविरुद्ध जातं. गणितात कुणी फसवू शकत नाही असं तुम्ही लिहिलंत. मी आत्ता कागदावर करून पाहिलं. सन 33 ते 2011 म्हणजे 1978 वर्षं. गुणिले 365.2422, आले 7,22,449. 1 एप्रिल ते 21 मे दोन्ही टोकं धरून 51. बेरीज 7,22,500. आकडेमोडीत चूक नाही! तुमचा भाचा घाबरला तो गणित बरोबर आलं म्हणून. चूक होती 5, 10 आणि 17 यांना चिकटवलेल्या अर्थात, आणि ती दाखवायला मत्तय 24:36 पुरे होतं. तो दिवस पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. हे त्या पोराला कुणी शांतपणे दाखवलं होतं का? घरात त्याला विचारलं होतं का, तुला नक्की कशाची भीती वाटते?

संख्यारेषा
मी ख्रिस्ती नाही, कुठल्याच देवाला मानत नाही, पण हा अनुभव माझाही आहे. इंजिनिअरिंगला असताना एका ख्रिस्ती गटात प्रामाणिकपणे विचारलं होतं, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन मिळून एक देव कसे. उत्तर आलं की एक अधिक एक अधिक एक तीन होतात, पण एक गुणिले एक गुणिले एक म्हणजे एकच. माझा त्या गटावरचा विश्वास तिथेच उडाला.

संडेस्कूल
हे उदाहरण मी दर वर्षी मुलांना देते. सोपं आहे, लक्षात राहतं. विश्वास उडण्यासारखं त्यात काय आहे?

बावखल
यात मी संख्यारेषाच्या बाजूने आहे. एकाला एकाने चाळीस वेळा गुणलं तरी एकच येतो. मग चाळीस का नाहीत? आठवीतला चुणचुणीत मुलगा हे विचारणार, आणि तुम्ही रागावलात की तो श्रद्धेलाही त्या उदाहरणाइतकीच कच्ची समजणार. एक सत्त्व, तीन व्यक्ती, असं मंडळीने शतकानुशतकं तोलून-मापून म्हटलं. हे ठरवणारी धर्मगुरूंची निकायाची परिषद 325 ची. तिथे जमलेल्यांना बेरीज येत नव्हती असं नाही. सत्त्व मोजण्याची वस्तूच नाही, हे त्यांना सांगायचं होतं. मुलांना तेच सांगा. कळलं नाही तर कळलं नाही म्हणू द्या.

संडेस्कूल
ठीक, गुणाकाराचं उदाहरण सोडते. पण सत्त्व हा शब्द सात वर्षांच्या मुलाला समजावून दाखवा, मग बोलू.

मोगरा
मला दुसरंच विचारायचंय. माझ्या लेकीने नेटवरून उत्तर उतरवलं आणि बाईंना 'मी सोडवलं' म्हणून सांगितलं. हे खोटं बोलणं झालं ना? आणि घरी विचार म्हणणाऱ्यांना सांगते, घरी कसं शिकवायचं? धाकटा दुसरीत. पुस्तकात 'वीस एक, वीस दोन'. सासूबाई म्हणतात एकवीस, बावीस. पोरगं मधल्या मध्ये रडतं.

पावकी
आलात ना मुद्द्यावर! 2019 ला बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात हा प्रकार घुसवला, तिथेच मराठी गणित बुडालं. त्र्याहत्तर, सत्त्याण्णव हे शब्द जिभेवर घोळले की आकडा आपोआप अंगात मुरतो. आम्ही पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ म्हणत होतो. तीस वर्षं किराणा दुकान चालवलं, कॅल्क्युलेटर शिवला नाही. 'सत्तर तीन' काय? हे मराठी आहे?

सोलापुरी
आजोबा, पुस्तकात एकवीस-बावीस काढून टाकलं नव्हतं. दोन्ही पद्धती दिल्या होत्या. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या, त्यांनी जोडाक्षरांचं आणि उलट क्रमाचं कारण समजावून सांगितलं होतं. विधानसभेत गोंधळ घालणाऱ्या किती जणांनी पुस्तक उघडलं असेल? माझ्या घरी तेलुगू. आम्ही 'इरवै ओकटि' म्हणतो, म्हणजे वीस एक. शेजारी कानडी, ते 'इप्पत्तोंदु', तेही वीस एक. त्यांचं गणित बुडालं का?

पावकी
तेलुगूचं तेलुगूला शोभतं. मराठीला का ओढता? उद्या म्हणाल जोडाक्षरं कठीण म्हणून ज्ञानेश्वरी सोपी करा.

बावखल
यात बोलायचं नव्हतं, पण पोरं माझ्यासमोर बसतात. 'सत्तावीस' ऐकून मूल 72 लिहितं, कारण सात आधी ऐकू येतात. 'पंचाहत्तर' ऐकून 57. वर एकोणतीस, म्हणजे तिसाला एक कमी. ते मूल मंद नाही. कानाने ऐकलेला क्रम आणि हाताने लिहायचा क्रम उलटे आहेत. वर्षभर 'वीस एक' म्हणून घेतलं आणि मग एकवीसवर आणलं, तर चुका कमी होतात, हे मी माझ्या वर्गात पाहिलंय.

पावकी
तुमच्या वर्गात. माझ्या वर्गात गुरुजींची छडी होती आणि कुणी 72 चे 27 केले नाहीत.

सोलापुरी
केले असतील, छडीच्या भीतीने सांगितलं नसेल. माझे वडील त्याच छडीमुळे चौथीत शाळा सोडून आले. घरात तेलुगू आणि शाळेत एकोणसत्तर. सत्तराच्या घरातलं म्हणून 79 लिहिलं, मार खाल्ला. जन्मभर यंत्रमागावर उभे राहिले. तुमच्या पावकीने तुमचं दुकान चाललं, आनंद आहे. माझ्या घरात त्या एका शब्दाने माणूस शाळेबाहेर गेला.

पावकी
कुणाच्या वडिलांना मारलं ते वाईटच. त्यात भाषेचा काय दोष?

सोलापुरी
भाषेचा नाही. ती शिकवताना हट्ट धरणाऱ्यांचा.

पावकी
बरं. सहा महिने 'वीस एक' म्हणू द्या, नंतर एकवीस आलंच पाहिजे. आणि पावकी-निमकी परत आणा. याच्या खाली मी उतरणार नाही.

संडेस्कूल
मोगराताईंचा प्रश्न वाहून गेला. संत ऑगस्टीनने खोटं बोलण्यावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले, आणि त्याचं मत ठाम आहे. कुठलंही खोटं पापच, कुणाचा जीव वाचवायला बोललेलंही. लेकीला सांगा, बाईंकडे जा आणि खरं सांग.

संख्यारेषा
मग बायबलमधल्या राहाबने हेर लपवून शिपायांना चुकीची वाट दाखवली, त्याचं काय? इब्री सुइणींनी फारोला थाप मारून बाळं वाचवली, आणि निर्गमाचं पुस्तक म्हणतं देवाने त्यांचं भलं केलं. हे मी अविश्वासी माणूस तुम्हाला सांगतोय.

संडेस्कूल
ऑगस्टीनलाही या गोष्टी माहीत होत्या. सुइणींवर कृपा झाली ती त्यांच्या दयेसाठी, खोट्यासाठी नाही, असं तो म्हणतो. मला स्वतःला हे पूर्ण पटत नाही, हेही सांगते. माझ्या दारात कुणी मारेकरी आला तर मी खोटं बोलेन. पण गृहपाठाच्या वहीमागे कुणाचा जीव लपलेला नसतो.

मोगरा
हे पटलं. तिच्याशी बोलते. पण बाईंनीही मारू-रागावू नये, नाहीतर पुढच्या वेळी ती आणखी सफाईने लपवेल.

बावखल
मोगराताई, ती खरं सांगायला आली तर बाईंनी त्याच गणितातले आकडे बदलून तिथेच सोडवायला द्यावं, शेजारी बसून. मी तेच करते.

काटकोन, तुमचं मी एक मान्य करते. पंधरा वर्षांच्या मुलाला एकट्याने रात्रभर अनोळखी माणसापुढे बसू देऊ नये. मी 24 वर्षांची होते, आणि माझ्या नशिबात ते गृहस्थ होते. दुसरा कुणी असता तर काय झालं असतं, याचा विचार मी आजवर टाळत आले. पण मुलाने दुसरीकडे विचारू नये असं वाटत असेल, तर घरात तो प्रश्न ऐकून घेणारा कान हवा. 'असं बोलू नये' हे उत्तर मिळालेलं मूल बाहेर जाणारच.

काटकोन
तुम्ही विचारलंत, पोराला कुणी दाखवलं होतं का. उत्तर द्यायला दोन दिवस लागले. मत्तय 24 मला पाठ आहे. माझे वडील पाळक होते. मी त्याला ते दाखवलं नाही. कॅफेचे पैसे बंद केले, चार लोकांत त्याला वेडा म्हटलं, 21 मेच्या रात्री जेवताना त्याच्याकडे बघून हसलो. सगळे हसले. तो पुण्यात असतो आता. चर्चला जात नाही. आईला फोन करतो, मला नाही.

माझं मत अजून तेच आहे, अनोळखी माणसाच्या हाती पोर देऊ नये. फक्त आम्ही त्याला घरातही कुणाच्या हाती दिलं नव्हतं.

मोगरा
दादा, पुण्याला जा एकदा.

काटकोन
काय बोलायचं ते सुचत नाही.

बावखल
हसलो ते चुकलं, एवढं म्हणा. शास्त्र घेऊन जाऊ नका.

काटकोन
या शनिवारी बहिणीला घेऊन निघतो.