मदत हवी आहे: भावाला स्किझोफ्रेनिया की बायपोलर?

धाकट्या भावाबद्दल विचारायचंय. आधीच्या डॉक्टरांनी फाइलवर स्किझोफ्रेनिया लिहिलं होतं. नवीन डॉक्टर म्हणतात, बायपोलर, सोबत सायकोसिस (म्हणजे भ्रम-भास होणं, वास्तवाशी नातं तुटणं). आईचा एकच प्रश्न: आजार बदलला की काय?

त्याचं असं होतं. आधी झोप उडते. मग रात्री तीनला नातेवाइकांना फोन, उधारीवर महागडा मोबाइल, आणि शेवटी ‘मुख्यमंत्री टीव्हीतून माझ्याशीच बोलतात’. हा जोर ओसरला की भासही जातात. मग कित्येक महिने दुकानात बसतो, हिशेब चोख.

मला कळलंय ते इतकंच: भ्रम आणि भास दोन्हीकडे असतात, नुसत्या त्यांवरून निदान होत नाही. ते मूड चढला-उतरला असतानाच येत असतील तर बायपोलर. मूडचे झटके आहेत, पण मूड ठीक असतानाही भास दोन आठवडे किंवा जास्त टिकले, तर स्किझोअफेक्टिव्हचा, म्हणजे दोन्हींची लक्षणं एकत्र असलेल्या आजाराचा, विचार होतो. जर्मन मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिनने १८९९ मध्ये स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर हे आजार वेगळे मांडले खरे, पण आनुवंशिक धोका बराचसा सामाईक निघालाय.

कुणाच्या घरी निदान असं बदललंय का? पुढे औषधांत काय फरक पडला? आता लिथियम सुरू केलंय. रक्तातली पातळी, किडनी, थायरॉइड तपासायला सांगितलंय. झोप आणि मूडची नोंद तुम्ही कशी ठेवता, म्हणजे डॉक्टरांना दाखवता येईल? औषधं त्यांना विचारूनच बदलू. आणि हो, बाहेरची बाधा, अंगारा वगैरे कृपया सुचवू नका, त्यासाठी आत्या आहे.