बदामाचे तिसरे पान येण्याआधी बेट किती असावी?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)

नमस्कार. आमच्या नऊ जणांच्या गटात दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी नो-लिमिट होल्डेमची (पोकरचा प्रकार; प्रत्येकाच्या हातात दोन पाने आणि टेबलावर सर्वांची मिळून पाच) स्पर्धा होते. पैसे लावले जात नाहीत. पहिल्या तिघांना वर्षभराच्या तक्त्यात गुण मिळतात आणि त्या गुणांसाठी सगळेच मनापासून झटतात. गेल्या शनिवारचा एक डाव डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर मांडतो.

ब्लाइंड (दोघांनी सक्तीने आधीच लावायच्या रकमा; मोठी लावणारा तो बिग ब्लाइंड) ५००/१,०००, बिग ब्लाइंडचा अँटी (आणखी सक्तीची भर) १,०००. माझ्याकडे ४०,००० चिप्स होत्या, समोरच्यांकडे थोड्या अधिक. हातात इस्पिक आणि चौकट अशा दोन नव्व्या. मी २,२०० केले, बटन (फ्लॉपपासून शेवटी बोलणारा) आणि बिग ब्लाइंड यांनी कॉल केले, म्हणजे तेवढेच लावले. पॉट, म्हणजे मधली जमा, ८,१०० झाला. फ्लॉपवर (टेबलावरची पहिली तीन पाने) बदामची नव्वी, बदामची अठ्ठी आणि किलवरची छक्की आली. सेट (तीन नव्व्या) लागला खरा, पण एकमेकांना इतकी चिकटलेली पाने पाहून मी धास्तावलो आणि जेमतेम २,७०० लावले. बटनने पाने टाकली, बिग ब्लाइंड राहिले. टर्नला (चौथे पान) इस्पिकचा राजा आला, तेव्हा १३,५०० च्या पॉटमध्ये मी ४,००० लावले आणि त्यांनी कॉल केला. रिव्हरला (पाचवे, शेवटचे पान) बदामची तिर्री आली. त्यांनी १६,००० लावले, मी कॉल केला आणि त्यांनी बदामचे गुलाम-दश्शी उलटे केले; पाच बदाम जमून ते जिंकले. धोकादायक बोर्डवर (टेबलावरच्या पानांवर) पॉट लहान ठेवावा, ही माझी समजूत चुकीची आहे का?

उत्तर (मिरज)

तुमच्या समजुतीत दोन वेगळ्या परिस्थिती एकत्र झाल्या आहेत. सांगलीकरांना आयर्विन पुलाचे उदाहरण लगेच कळेल. तेथे ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी धरतात, आणि शहाणा माणूस सामान इशारा पातळीलाच हलवतो. बोर्डवर दोन बदाम असताना पाणी अजून इशाऱ्यावर असते; मोठी बेट लावायची वेळ तीच. तुम्ही तेव्हा हात आखडता घेतला आणि तिसरा बदाम आल्यावर १६,००० दिले.

टर्नवरचा हिशेब पाहा. ४,००० देऊन रिव्हर पाहणाऱ्याला २१,५०० चा पॉट मिळू शकतो, म्हणजे त्याला १८.६ टक्के संधी पुरते. त्यांच्याकडे किती होती? न दिसलेली पाने ४४. उरलेले बदाम नऊ, पण त्यांतील राजा आणि छक्की आल्यास बोर्डवर जोडी लागून तुमचे फुल हाउस (तीन सारखी आणि एक जोडी, बदामांवर मात करणारे) होते, म्हणून उपयोगाचे बदाम सातच. त्यांत बदामाखेरीजच्या तीन सत्त्या आणि तीन राण्या मिळवा, कारण त्यांनी स्ट्रेट (ओळीने पाच पाने) पूर्ण होतो. एकूण १३ पाने, म्हणजे २९.५ टक्के. तुम्ही त्यांना अतिशय स्वस्तात पान दाखवलेत. त्याच जागी १०,००० लावले असते, तर त्यांना २९.९ टक्के संधी लागली असती.

गुलाम-दश्शी हा त्या बोर्डवरचा सर्वांत जड ड्रॉ (पुढच्या पानाची वाट पाहणारा अपुरा हात) आहे आणि त्याला कोणत्याही बेटने पुरते रोखता येत नाही, हेही मान्य करायला हवे. परंतु बदामचे एक्का-चौकी घेऊन बसलेल्याकडे सातच पाने, म्हणजे १६ टक्के असतात. त्याच्याकडून पुरेपूर किंमत घेता येते. शिवाय टर्नला राजा आल्यावर एक्का-राजावाला मोठी बेटही देतो. मी असतो तर फ्लॉपवर ४,८००, टर्नवर १०,४०० आणि पान बिनधोक आल्यास रिव्हरवर उरलेले २२,६०० लावले असते. तिन्ही वेळा हे प्रमाण पॉटच्या सुमारे ५९ टक्के पडते, आणि तुमच्या चिप्स नेमक्या रिव्हरवर संपतात.

उत्तर (सातारा)

मिरजकरांचा हिशेब पटतो. मात्र नऊ जणांच्या ठरलेल्या गटात तुम्ही केवळ सेटवरच मोठी बेट लावू लागलात, तर दोन महिन्यांत सर्वांना ते कळेल आणि कोणी कॉल करणार नाही. बदामचे एक्का-पंजी तुमच्याच हाती असताना त्याच फ्लॉपवर तेवढीच बेट लावत चला. दुसरे असे की चार जण उरले असतील आणि गुण तिघांनाच मिळणार असतील, तर तेवढ्याच चिप्स जिंकण्यापेक्षा गमावण्याची किंमत जास्त असते. आपल्याहून मोठ्या स्टॅकच्या (जास्त चिप्स असलेल्या) माणसाविरुद्ध तेव्हा मीही जरा सबुरीने घेतो, पण ड्रॉला फुकट पान तेव्हाही देत नाही.

प्रश्नकर्ता (विश्रामबाग, सांगली)

दोघांचेही आभार. काल रात्री कॅट काढून हातातली चार आणि बोर्डवरची चार पाने बाजूला ठेवली, उरलेली ४४ टेबलावर मांडली आणि त्यांतली १३ वेगळी केली. ती रांग टेबलाच्या जवळजवळ एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत गेली. तेवढ्या पानांना मी ४,००० त वाट करून दिली होती. रिव्हरच्या कॉलसाठी मला ३० टक्के संधी हवी होती, आणि त्या गृहस्थांना रिव्हरवर ब्लफ करताना मी आजवर पाहिलेले नाही, म्हणजे तोही कॉल चुकलाच. एकच शंका उरते. टर्नला राजाऐवजी काळी सत्ती आली असती तर काय करायचे?

उत्तर (मिरज)

तेव्हा कोणत्याही दश्शीने किंवा पंजीने स्ट्रेट होतो, म्हणजे पाणी धोका पातळीवर गेलेले असते. चेक करा, म्हणजे काही न लावता पुढे जा. रिव्हरवर बोर्डची जोडी किंवा चौथी नव्वी येण्यासाठी तुमच्याकडे ४६ पैकी १० पाने, म्हणजे सुमारे २२ टक्के संधी शिल्लक असते. बिग ब्लाइंडने चेक केले असेल, तर तुमच्या चेकने शांतपणे, फुकट रिव्हर पाहता येतो, कारण ते तुमच्या आधीच बोलून चुकलेले असतात. त्यांनी टर्नलाच आधी बेट लावली, तर पॉटच्या निम्म्यापर्यंत द्या आणि त्याहून मोठी असेल तर नव्व्या सोडून द्या.