स्पिटफायर खाली बसवली अन् आता खड्ड्यात स्टेअरिंग ओढायली, पुढचं काय करू?

लातूरचा गडी:
रामराम मंडळी. काकांची ट्रायम्फ स्पिटफायर मार्क थ्री आहे, जुनी ब्रिटिश दोन सीटची गाडी. पुढं एक इंच छोट्या स्प्रिंगा टाकल्या, दिसायला लै भारी झाली पण औसा रोडला खड्डा लागला की स्टेअरिंग हातातून पळतंय अन् पुढचे टायर आतून घासायलेत. गॅरेजवाला म्हणायला वरचा विशबोन (चाक धरणारा व्ही आकाराचा दांडा) कापून कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) काढू. कापू द्यावं का?

वाळूजचा टर्नर:
कापायचं नावच काढू नका भौ! खालच्या विशबोनचे दोन ब्रॅकेट चेसिसला बोल्टनं बसतात, ब्रॅकेट अन् चेसिसच्या मधी शिम (पातळ पत्रे) असतात. दोन्ही ब्रॅकेटला सारख्या शिम टाकल्या की चाक खालून बाहेर येतं, कॅम्बर निगेटिव्हकडं जातो म्हणजे चाक वरून आत कलतं, काढल्या की उलट. नुसत्या मागच्या ब्रॅकेटला टाकली तर कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागचा कल) वाढतो. पण आतून घासायलंय म्हणजे आधी टो-आउट झालाय का, म्हणजे चाकं पुढून बाहेर फाकलीत का बघा, दोरी लावून घरीच कळतं, टो-इन, म्हणजे चाकं पुढून आत, दीड ते तीन एमएम पाहिजे. अन् मोजताना दोन्ही सीटवर माणसाएवढं वजन ठेवा, आम्ही सोयाबीनची पोती टाकतो, रिकाम्या गाडीचं माप काही कामाचं नाही. जाता जाता, खालच्या पितळी ट्रनिअनला, म्हणजे चाक वळतं त्या खालच्या सांध्याला, ग्रीस नाही, नव्वद नंबरचं गिअर ऑइल. ग्रीस मारून मारून लोक व्हर्टिकल लिंक (चाक धरणारा उभा दांडा) मोडून घेतात, ट्रायम्फ हेराल्डवाल्यांना विचारा, त्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन तेच आहे.

गोदाकाठ:
खड्ड्यात पळतंय ते बम्प स्टिअर, शिमनं जाणार नाही. गाडी खाली आली की टाय रॉड (चाक वळवणारी दांडी) अन् विशबोनचे कोन जुळत नाहीत, मग चाक वर-खाली होताना टो आपोआप बदलतो. स्प्रिंग काढा, जॅकनं चाक एकेक इंच उचला अन् दर वेळी टो लिहून घ्या. फरक निघाला तर स्टेअरिंग रॅकची (टाय रॉड ढकलणारी आडवी दांडी) उंची बदलावी लागते. त्याच्याही आधी रॅक धरणारे रबर बघा, इंजिनचं तेल पिऊन फुगलेले असतात, रॅकच हलत असेल तर मोजून उपयोग काय.

हेराल्डवाले काका, परभणी:
पोरांनो सगळे पुढंच बघायलेत. मार्क थ्रीला मागं स्विंग अ‍ॅक्सल आहे, म्हणजे अर्धा ॲक्सल चाकासकट वर-खाली झुलतो; वळणात ॲक्सिलेटर सोडला की मागचं चाक पोटाखाली जातं अन् शेपूट सुटते. पुढं ग्रिप वाढवली तर हे आणखी लवकर होतं. कंपनीनं 1970 ला मार्क फोरमधी मागं स्विंग स्प्रिंग (मधोमध झुलणारी पानांची स्प्रिंग) दिली अन् तिच्यासोबत पुढचा अँटिरोल बार (वळणात गाडी कलू न देणारी दांडी) जाड केला, उगाच नाही. तुम्ही नुसतं पुढून खाली बसवली, मागच्या स्प्रिंगचं पान तसंच का?

लातूरचा गडी:
हो काका, मागं हात लावला नाही. आत्ताच खाली घुसून बघितलं, रॅकचं डावीकडचं रबर बोटानं दाबलं तर चिखलावानी दबलं. वाळूजला या रबराच्या जागी ॲल्युमिनियमचे ब्लॉक टर्न करून मिळतील का? गॅरेजवाल्याला सांगितलं, ग्राइंडर ठेवून दे.