आर्थर डान्टो कलेच्या तत्त्वज्ञानाकडे इतक्या उशिरा का वळले?

अर्धविराम:
गेले काही महिने मी कलेच्या तत्त्वज्ञानावरचे वाचन करीत आहे आणि आर्थर डान्टो यांच्यापाशी येऊन अडलो आहे. १९२४ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅन आर्बर येथे जन्म, डेट्रॉइटमध्ये बालपण, दुसऱ्या महायुद्धात सैन्यात नोकरी, आणि १९५१ पासून १९९२ मध्ये निवृत्त होईपर्यंत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अध्यापन, असा त्यांचा जीवनक्रम सरळ दिसतो. ग्रंथांची यादी मात्र कोड्यात टाकते. १९६५ मध्ये इतिहासाच्या तत्त्वज्ञानावर आणि नीत्शेवर एकेक पुस्तक, १९६८ मध्ये ज्ञानावर, १९७३ मध्ये कृतीवर. कलेवरचे पहिले पुस्तक थेट १९८१ मध्ये, म्हणजे वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. ज्या विषयामुळे आज त्यांचे नाव घेतले जाते तो त्यांनी उत्तरायुष्यात नव्याने निवडला, असे समजावे का? की आधीच्या लेखनाशी त्याचा काही आतला संबंध आहे? जाणकारांनी कृपया सांगावे.

जुनी वही:
विषयही नवा नव्हता आणि त्यातला प्रश्न तर मुळीच नव्हता. तत्त्वज्ञानात स्थिरावण्याआधी डान्टो चित्रकार होते. वेन विद्यापीठात त्यांनी कला आणि इतिहास यांचे शिक्षण घेतले, आणि कोलंबियात शिकवू लागल्यानंतरही काही वर्षे ते लाकडी ठशांची चित्रे करीत व प्रदर्शनांत मांडीत. ठसा कोरण्यापेक्षा तत्त्वज्ञान लिहिण्यात आपले मन अधिक रमते हे उमगल्यावर, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, त्यांनी ते काम थांबवले.

प्रश्नाचे म्हणाल, तर इतिहासावरच्या पुस्तकात त्यांनी एक काल्पनिक बखरकार उभा केला आहे. जे जे घडते ते घडत्या क्षणीच त्याला कळते आणि तो ते बिनचूक टिपून ठेवतो. तरीही ‘तीस वर्षांचे युद्ध १६१८ मध्ये सुरू झाले’ हे वाक्य त्याला १६१८ मध्ये लिहिता येत नाही, कारण युद्ध किती वर्षे चालले हे १६४८ नंतरच्या माणसालाच ठाऊक असते. घटना समोर पूर्ण उघडी असते, पण तिचा अर्थ नुसत्या पाहण्याने हाती लागत नाही. कृतीच्या तत्त्वज्ञानातही त्यांना हीच अडचण भेटली: माणसाने हात वर केला, किंवा आचका येऊन त्याचा हात वर गेला, यांत हाताची हालचाल तंतोतंत सारखी असू शकते, पण पहिली कृती आहे आणि दुसरी नाही.

आता १९६४ चा एप्रिल घ्या. मॅनहॅटनमधील स्टेबल गॅलरीत अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी ‘ब्रिलो’ या साबण भरलेल्या तारेच्या घासण्यांच्या खोक्यांसारखी खोकी एकावर एक रचून ठेवली होती. दुकानाच्या कोठारातले खोके कलाकृती नाही आणि हे आहे, तर फरक कशात आहे? त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या निबंधात डान्टो यांनी सांगितले की तो फरक डोळ्यांना दिसणारा नव्हे. त्यासाठी कलाविषयक सिद्धान्तांचे वातावरण आणि कलेच्या इतिहासाची जाण लागते, आणि या सगळ्याला त्यांनी ‘कलाविश्व’ म्हटले. १९८१ च्या पुस्तकात याच निबंधातला प्रश्न विस्ताराने मांडला आहे.

ठोकळा:
विवेचन पटले, परंतु एक तपशील नजरेआड होऊ नये. वॉरहॉल यांची खोकी प्लायवूडची होती आणि त्यांवरची अक्षरे सिल्कस्क्रीनने, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई दाबून, छापलेली होती. दुकानातली खोकी पुठ्ठ्याची. जवळ जाऊन पाहिले तरी फरक कळतो. शिवाय मूळ खोक्याची रचना करणारे जेम्स हार्वी हे स्वतः अमूर्त शैलीचे चित्रकार होते आणि वेष्टनांचे काम पोटापाण्यासाठी करीत. मग त्यांचे खोके कलेच्या उंबरठ्याबाहेर का?

जुनी वही:
आक्षेप रास्त आहे. पण ते प्लायवूडचे आहे म्हणून कलाकृती ठरले, असे कोणी म्हणणार नाही. हार्वी यांच्याविषयी डान्टो यांनी पुढे आवर्जून लिहिले: त्यांचे खोके ही उपयोजित कलाच, आणि उत्तम प्रतीची, मात्र ते घासण्यांची थोरवी गाते, वॉरहॉल यांचे खोके तसे काही गात नाही. मला हे उत्तर थोडे घाईचे वाटते. १९८१ च्या पुस्तकातील लाल चौरसांचे दालन अधिक भक्कम आहे. तेथे एकमेकांपासून ओळखू न येणारे लाल चौरस शेजारी शेजारी टांगले आहेत: एक तांबडा समुद्र ओलांडून गेलेल्या बायबलमधील इस्राएल लोकांचा प्रसंग, एक मॉस्कोच्या लाल चौकाचे दृश्य, एक चक्क ‘निर्वाण’, आणि एक म्हणजे केवळ लाल रंग फासलेली वस्तू. येथे प्लायवूडची पळवाट उरत नाही.

नदीकाठ:
हे दालन वाचताना मराठी वाचकाला मर्ढेकर आठवल्यावाचून राहत नाहीत. संवाद, विरोध आणि समतोल या लयींनी संवेदनांची जी संघटना होते तीत मर्ढेकरांनी सौंदर्य पाहिले. पण या सर्व चौरसांत संवेदना एकच, म्हणून लयही एकच. त्यांतला भेद सांगायला त्या मीमांसेत जागा नाही. उलट, चित्रापुढे उभे राहिल्यावर नजर का खिळते, हे डान्टो यांच्या सिद्धान्तातून कळत नाही. ते शोधायचे असेल तर ‘द नेशन’ साप्ताहिकात त्यांनी १९८४ ते २००९ या काळात लिहिलेली समीक्षणे वाचावीत. तेथे सिद्धान्तकार मागे सरतो आणि ठसे कोरणारा माणूस पाहू लागतो.

अर्धविराम:
सर्वांचा आभारी आहे. एक शेवटची शंका: १९८४ मध्ये त्यांनी ‘कलेचा अंत’ झाल्याचे म्हटले, ते मग कोणत्या अर्थाने? चित्रे तर त्यानंतरही निघतच राहिली.

जुनी वही:
निघणारच. संपली ती कलेच्या प्रगतीची कथा, असे त्यांचे म्हणणे होते: आधी हुबेहूब चित्रणाकडे, आणि नंतर ‘कला म्हणजे काय’ या प्रश्नाकडे जाणारी. कलाकृती कशीही दिसू शकते हे एकदा कळल्यावर त्या कथेला पुढचे पाऊल उरले नाही, आणि तो प्रश्न तत्त्वज्ञांच्या हाती आला. पण ‘संपली’ हेसुद्धा बखरकाराला लिहिता न येणारे वाक्य आहे. १९६४ मध्ये त्या खोक्यांपुढे उभ्या असलेल्या डान्टो यांनाही ते लिहिता आले नसते. त्यासाठी वीस वर्षे जावी लागली.